वडगावात ब्रिटिश साठ

पहिलंच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी कॉलर धरायला नको. व्हॉक्स एसी30 हा ब्रिटिश अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, मी आयुष्यात समोरून ऐकलेला नाही. मार्शलचा खरा व्हॉल्ववाला अँप आणि त्याखाली चार स्पीकरचं ते भलंमोठं कॅबिनेट, तेपण नाही. फेंडर ट्विन हा अमेरिकन अँप एकदा गोव्यात एका हॉटेलात लांबून बघितलाय, तोही बंद होता आणि वर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. आणि तरीसुद्धा रात्री जेवण झालं की मी माझ्या खोलीत बसून, असल्या जुन्या अँपची नक्कल करणाऱ्या माझ्या डिजिटल अँपचा एक नॉब फिरवतो, ट्वीड, ब्रिटिश साठ, ब्रिटिश ऐंशी असं करत लंडन-कॅलिफोर्निया फिरून येतो, आणि मनात म्हणतो व्वा, काय हुबेहूब आहे. कशाच्या हुबेहूब, ते विचारू नका.

गिटारशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर पलीकडे बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही, तारांखालचे पिकअप जो बारीकसा करंट देतात तो अँपमध्ये जाऊन मोठा होतो. जुन्या अँपमध्ये हे काम काचेचे व्हॉल्व करायचे, आणि त्यांना झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की आवाज फाटायचा. इंजिनियरच्या लेखी हा दोष. गिटारवाल्यांनी नेमका तोच डोक्यावर घेतला, कारण व्हॉल्व एकदम फाटत नाही, कडा गोल होत होत फाटतो, बोट हलकं ठेवलं तर साफ वाजतं, जरा जोर लावला की खरखर येते, म्हणजे अँपसुद्धा तुमच्या हाताचं ऐकतो. त्यात परत स्पीकरचा वाटा. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं बरंचसं गाळून टाकतो, नाहीतर तोच फाटलेला आवाज पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा लागतो.

मॉडेलिंग अँपमध्ये, म्हणजे माझ्याकडं आहे तसल्या नक्कल करणाऱ्या अँपमध्ये, हे सगळं गणितात करतात. गिटारचा सिग्नल सेकंदाला 44,100 किंवा 48,000 वेळा मोजायचा, आकडे चिपला द्यायचे, तिने त्यावर अमुक व्हॉल्व, तमुक ट्रान्सफॉर्मर, असा स्पीकर आणि स्पीकरपुढं ठेवलेला माइक, इतक्या सगळ्यांचा हिशोब करायचा आणि परत करंट करून स्पीकरला द्यायचा. ह्याला वेळ लागतो म्हणून लोक ओरडतात, पण तीन मिलिसेकंद उशीर म्हणजे अँपपासून एक मीटर लांब बसण्याएवढाच की, आवाजाला हवेतनं तेवढं यायलाही तेवढाच वेळ लागतो. रोलंडने 1995 ला व्हीजी-8 काढला, 1996 ला लाइन 6 चा ॲक्ससिस 212 आला, मग 1998 ला पॉड नावाचा तो लाल डबा, आणि तिथून पुढं हे प्रकरण स्वस्त होत होत आमच्यापर्यंत पोचलं. माझा 20 वॅटचा आहे, आठ इंची स्पीकर, गोव्यातनं सेकंडहँड, चोर्ला घाटातनं पावसात गाडीच्या मागच्या सीटवर रजईत गुंडाळून आणला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं तक्रार करणार आहे म्हणून.

त्याच्यावरची नावंपण गमतीची असतात. दुसऱ्या कंपनीचं नाव लिहिलं तर कोर्टात ओढतील म्हणून सरळ नाव कुठंच नाही, सगळं आडून. ट्वीड म्हणजे जुना फेंडर, ब्रिटिश साठ म्हणजे व्हॉक्स, ब्रिटिश ऐंशी म्हणजे मार्शल, हे ज्याला कळतं त्याला कळतं, घरात बायको नवऱ्याचं नाव न घेता अहो म्हणायची तसला प्रकार. माझ्या पुतण्याला वाटायचं ब्रिटिश साठ म्हणजे साठ नंबरचा आवाज, आणि तो एकोणसाठ नंबर शोधत बसलेला.

आता मुख्य गोष्ट, आमचं घर वडगावात. ज्यांना बेळगाव माहीत आहे त्यांना शहापूर-वडगाव म्हटल्यावर साड्या आणि लूम आठवणार. घराला घर लागून, भिंत सामाईक, पलीकडं लूम आणि अलीकडं आम्ही. दिवसा लूमचा खटका चालू असतो तेव्हा मी काय वाजवतो ह्याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही, उलट मी तर बऱ्याचदा त्या खटक्यावरच वाजवतो, मेट्रोनोमपेक्षा बरा, फक्त धाग्याची कांडी संपली की समेच्या आधीच थांबतो. रात्रीचा प्रश्न असतो. व्हॉल्वच्या अँपचा तो प्रसिद्ध आवाज यायचा तर त्याला बऱ्यापैकी मोठा करावा लागतो, बारीक आवाजात तो नुसता साफ आणि सपाट. 30 वॅटचा व्हॉल्व अँप आमच्या खोलीत सात-आठवर नेला असता तर गल्लीची मीटिंग भरली असती. इथं मात्र व्हॉल्व किती फाटला ते गणितात ठरतं आणि बाहेर किती आवाज यायचा ते दुसऱ्या नॉबवर. म्हणजे पलीकडच्या काकू झोपलेल्या असताना, टीव्हीपेक्षा कमी आवाजात, एक अख्खा मार्शल दहावर पेटलेला असतो. माझ्या मते ह्या अँपची खरी कमाई ही. हुबेहूब आहे की नाही ह्यावर लोक पानंच्या पानं भांडतात, भांडू देत. ज्याच्या घराभोवती बाग आहे त्यानं भांडावं. सामाईक भिंतवाल्याला तो वाद परवडत नाही.

आणि सॅग. हे फार भारी आहे. जुन्या अँपमध्ये काही ठिकाणी एसी करंटचा डीसी करायलासुद्धा व्हॉल्वच असायचा, जोरात कॉर्ड मारली की एकदम करंट ओढला जायचा, व्होल्टेज खाली बसायचं आणि परत हळूहळू वर यायचं, त्यामुळे सूर आधी दबतो आणि मग फुलतो. ह्याला सॅग म्हणतात, आणि बऱ्याच मॉडेलिंग अँपमध्ये त्याची वेगळी सेटिंग असते, किती सॅग पाहिजे बोला. रॉकवाला एडी व्हॅन हॅलन तर मार्शलला व्हेरिॲक, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचा डबा, लावून मुद्दाम व्होल्टेज कमी करायचा. हे मी वाचलं तेव्हा खोलीतला बल्ब पिवळा पडलेला, कारण पावसाळ्यात संध्याकाळी आमच्याकडं लाईट डीम होतेच, फॅन पाती मोजता येतील असा फिरतो. लोक परदेशात पैसे देऊन जे विकत घेतात ते आम्हाला फुकट आहे. गंमत अशी की माझ्या अँपवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. बाहेर लाईट डीम, आत चिप आपली खोटी खोटी डीम करून दाखवतीय. लाईट पूर्ण गेली की मात्र दोघं एकदमच बंद, समोरच्या खिडकीतनं आवाज येतो, करंट होय्तु, म्हणजे कानडीत लाईट गेली, मग गल्लीत कुठल्या भाषेत शिव्या द्यायच्या ह्याचा वाद राहत नाही.

ह्या नकलेवरून एकदा आमच्या ग्रुपमध्ये जोरात जुंपली होती. एक जण म्हणाला हे सगळं डुप्लिकेट आहे, ओरिजिनल ते ओरिजिनल. मी म्हटलं ओरिजिनल कुठला ते आधी ठरव की लेका. मार्शल घे. 1962 च्या आसपास लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं ड्रमचं दुकान, तिथं येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना अमेरिकन अँप पाहिजे होते आणि ते आयात करून आणायचे तर महाग. मग दुकानातल्या लोकांनी फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवून तसाच्या तसा अँप बनवला. तसाच्या तसा म्हणजे जवळपास, कारण व्हॉल्व, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर जे इंग्लंडात मिळतील ते घातले, स्पीकर सेलेस्टियनचे, दहा इंचीच्या जागी बारा इंची. झालं, आवाजच बदलला, आणि जगभरच्या रॉकचा आवाज तो झाला. आणि बेसमन तरी काय, तो बेस गिटारसाठी काढलेला, साध्या गिटारवाल्यांनी पळवला. फेंडरनेही सुरुवातीची सर्किटं व्हॉल्व कंपन्या छापायच्या त्या नमुन्यांवरूनच पुढं नेलेली. म्हणजे माझ्या डब्यातली ब्रिटिश ऐंशी ही नकलेच्या नकलेची नक्कल, आणि मधल्या प्रत्येक नकलेला आज लोक हात जोडतात.

आणि बेळगावच्या माणसानं तरी नक्कल ह्या गोष्टीला नाक मुरडू नये. सुळेभावी आमच्याच तालुक्यात, तिथं 1924 ला शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा जन्मला, तो लहानपणी काय करायचा तर मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ताना, हरकती, सगळं. लोक थक्क व्हायचे, त्यालाच पुढं कुमार गंधर्व म्हणायला लागले. त्याने ज्यांची नक्कल केली त्यातले किती जण त्याने तोवर समोर बसून ऐकले असतील? तीन मिनिटाची तबकडी, भोंग्यातनं येणारा बारीक आवाज, तेवढ्यावरनं पोरानं गळा तयार केला. नंतर ते कुठल्या कुठं गेले ते सगळ्यांना माहीत आहे, मी काय सांगणार. माझी तुलना नाही हो, मी आपला गणपतीत वाजवणारा माणूस. पण ओरिजिनल न ऐकता नुसत्या नकलेवर कान तयार होतच नाही असं कोणी म्हटलं की मी सुळेभावीचा फाटा दाखवतो.

तोट्याचंही लिहायला पाहिजे. पहिला तोटा म्हणजे माणूस वाजवायचं सोडून नॉब फिरवत बसतो. किती प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेले आवाज, किती इफेक्ट, डिलेचे प्रकारच किती, एक गाणं वाजवायच्या आधी तासभर आवाज लावण्यात जातो आणि मग झोप येते. ओळखीतल्या एकाकडं ह्याच्यापेक्षा मोठं मशीन आहे, त्यात सगळं आहे, त्याचं वाजवणं मी अजून ऐकलेलं नाही, फक्त आवाज ऐकलेत. मी हल्ली एकच मॉडेल लावतो, ट्वीडवालं, थोडंसं फाटतंय-नाही-फाटतंय अशा जागी, वर किंचित स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा आवाज. अभंग वाजवायला ते बरं पडतं, तार ओढून मींड घेतली की सूर मध्येच थोडा खरखरतो, पेटीवाले दादा म्हणतात घसा बसलेल्या बुवांसारखं वाटतंय, मी ते कौतुक समजतो.

दुसरं, घरचा आवाज मांडवात चालत नाही, हे इथल्या प्रत्येक गिटारवाल्याला कधी ना कधी कळतं. रात्री हळू आवाजात लावलेला सुंदर प्रीसेट कार्यक्रमात मोठा केला की खालून नुसतं घुमतं, वरून टोचतं आणि मधलं गिटार गायब. ह्यात अँपचा दोष नाही, कानाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघा संशोधकांनी 1933 लाच मोजून ठेवलंय की आवाज बारीक असताना माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मोठा केला की तेच भरून येतात. म्हणून घरी आपण बेस आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, मधलं कमी करतो, आणि मांडवात बेस गिटार, ढोलकी, कीबोर्ड सगळे मिळून आपल्याला खाऊन टाकतात. आमचे साऊंडवाले अण्णा ह्याच्यावर एकच उपाय सांगतात, मिड वाढव की मर्दा, आणि ते दर वेळी बरोबर असतात. कार्यक्रमाचा प्रीसेट कार्यक्रमाच्या आवाजातच लावायचा, त्यासाठी दुपारी लूम चालू असताना दारं लावून दहा मिनिटं मोठ्यानं वाजवून घ्यायचं.

तिसरी ती तक्रार. माझा अँप यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून आतलं बारीकसारीक सगळं बदलता यायचं, त्यासाठी कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं. ते कंपनीने बंद केलं. नवीन मॉडेल आलं, नवीन सॉफ्टवेअर आलं, ते माझ्या अँपला ओळखत नाही. अँप धडधाकट आहे, आतला अर्धा माल मात्र कुलपात गेला आणि किल्ली कंपनीने टाकून दिली. म्हणून मी एक जुना लॅपटॉप इंटरनेटपासून लांब ठेवून जगवलाय, त्याची बॅटरी कधीच मेलीय, पण तो चालू होतो तोवर ठीक. चाळीस-पन्नास वर्षांचा व्हॉल्व अँप आजपण कोणीतरी सोल्डरिंग गन घेऊन उभा करू शकतो. ह्याचं तसं नाही.

हे मला रेडिओवाल्या मामांनी दाखवलं. मामा म्हणजे गल्लीतले, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता दुकान बंद पण सामान घरात. अँपचा जॅक सैल झाला म्हणून त्यांच्याकडं नेला. त्यांनी मागचे स्क्रू काढले, चष्मा कपाळावर चढवला, टॉर्च मारली, आणि बराच वेळ आत बघत बसले. आत एक हिरवी पट्टी, त्यावर काळ्या चौकोनी चिपा, मुंगीएवढे पार्ट, आणि बाकी नुसती मोकळी जागा. म्हणाले, "अय्यो, ह्यात दुरुस्त करायला ठेवलंय काय? सगळं चिकटवून टाकलंय." जॅकचा टाका मारून दिला तेवढं. मग विचारलं, "आवाज कुणाचा काढतंय हे?" मी व्हॉक्सचं सांगितलं, चार ईएल84 व्हॉल्व असतात वगैरे. तर हे उठले, खाटेखालचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा ओढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला व्हॉल्व काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोटभर उंचीची काच, वरचं टोक निमुळतं, आतून टोकाला चांदीसारखा चकचकीत मुलामा, खाली नऊ पिना, अंगावर अर्धवट पुसलेली अक्षरं, ईएल84. "रेडिओतला की हा. तुझ्या आज्ज्याच्या सेटमध्येपण हाच आहे."

आज्ज्याचा रेडिओ आमच्या माळ्यावर होता. लाकडी पेटीचा, पुढं कापड, सांगली आणि धारवाड लावून लावून काटा तिथंच झिजलेला. मामांनी आधी उलटा करून ट्रान्सफॉर्मर आहे का बघितलं, कारण बिनट्रान्सफॉर्मरचे एसी-डीसी सेट असायचे त्यांच्या चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, थेट लाईट असते, गिटार जोडली तर गिटारवाला जातो. ट्रान्सफॉर्मर होता. मग कपॅसिटर बदलले, आणि मागे ग्रामोफोन जोडायचा सॉकेट असतो त्याला वायर लावून माझी गिटार. व्हॉल्व तापायला वेळ लागतो हे मला वाचून माहीत होतं, पण लाईट लागल्यावर काहीच न होणं आणि मग हळूहळू खालून घरघर वर येणं हे वाचून कळत नाही. मामा म्हणाले मार आता. मारली. अगदीच बारीक, साफ, गोड आवाज. ग्रामोफोनच्या जागेला गिटारचा करंट पुरत नाही. मग मध्ये सिग्नल वाढवणारा एक बूस्टचा पेडल घातला आणि आवाज पूर्ण केला, तेव्हा तो रेडिओ जो काय ओरडला.

आता इथं मी लिहायला पाहिजे की खऱ्या व्हॉल्वपुढं डिजिटल म्हणजे झूट. तसं काही झालं नाही. एक ईएल84 म्हणजे पाचेक वॅट, स्पीकर रेडिओचा, लाकूड रेडिओचं, तो एसी30 नव्हता, तो आज्ज्याचा रेडिओ होता. माझ्या डब्यातला ब्रिटिश साठ त्याच्याशी अजिबात जुळत नाही, आणि एसी30 शी कोणता जास्त जुळत असेल म्हटलं तर माझी पैज डब्यावरच. पण खालच्या दोन तारांवर जोर दिला की रेडिओ जसा मागं सरकून परत पुढं यायचा, तो सॅग मात्र खोटा नव्हता. त्यात अर्धा वाटा बाहेरच्या डीम लाईटचा असणार. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सांगली लागतंय काय रे नीट?

रेडिओ आता खालीच ठेवलाय पण रोज वाजवायला अँपच. मामांचं मात्र उलट झालंय, त्यांना माझा अँप आवडायला लागला. त्याला मोबाईल जोडायचं भोक आहे हे त्यांना कळल्यापासून ते संध्याकाळी येतात, जुनं नाट्यसंगीत लावा म्हणतात. गिटारचा स्पीकर खरं म्हणजे गाणी ऐकायला एकदम नालायक, वरचं सगळं गाळतो, नवीन सिनेमाचं गाणं लावलं तर तोंडावर उशी ठेवल्यासारखं. पण 78 च्या रेकॉर्डवरचं गाणं लावलं की गंमत होते, त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळात वरचं फारसं काही नसायचंच, गाळायला काय शिल्लकच नाही, उलट खरखर तेवढी कमी होते. मामा डोळे मिटून ऐकतात. परवा म्हणाले, ह्याला ते तुझं ट्वीड लाव की थोडं, पेटी अजून गोड होईल. मी सांगितलं मामा, मोबाईलचा आवाज मॉडेलमधनं जात नाही, सरळ शेवटी येऊन मिळतो, तशी वायरच नाही. त्यांना ते पटलेलं नाही. रविवारी सोल्डरिंग गन घेऊन येतो म्हणालेत.